विजेवर चालणारे थेंब : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

१२ जानेवारी

ठरलं एकदाचं. पाण्याचे बारके थेंब, म्हणजे दोन-तीन मायक्रोलिटरचे, एका पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) फक्त विजेने इकडून तिकडे न्यायचे, दोन थेंब एकत्र करायचे, आणि जमलं तर एकाचे दोन करायचे. पंप नाही, नळ्या नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. याला डिजिटल मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात आणि खालचं तत्त्व म्हणजे इलेक्ट्रोवेटिंग. माझं रोजचं काम फर्मवेअरचं, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, त्यामुळे सर्किटची भीती नाही, रसायनाचा मात्र बारावीनंतर संबंध आलेला नाही, ती बाजू भाची बघणार. ती मायक्रोबायॉलॉजी करते आणि तिला कॉलेजात रोज इतकं पिपेटिंग (बारक्या नळीने द्रव मोजून टाकणं) करावं लागतं की "मावशी, हे आपोआप झालं तर मी तुला जेवायला नेईन" असं लेखी घेतलंय तिच्याकडून.

तत्त्व थोडक्यात लिहून ठेवते. थेंबाखाली पातळ इन्सुलेटर, त्याच्याखाली तांब्याचा इलेक्ट्रोड. व्होल्टेज दिलं की थेंब आणि तांबं मिळून कपॅसिटर होतो, चार्ज थेंबाच्या कडेला दाटतो आणि कड बाहेर ओढली जाते, म्हणजे गोल उभा असलेला थेंब पसरतो. आता इलेक्ट्रोड एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवले आणि थेंबाच्या एकाच बाजूचा ऑन केला तर थेंब तिकडे ओढला जातो. बस, एवढंच आहे.

गंमत म्हणजे हे खूप जुनं आहे. लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात पाऱ्यावर हे दाखवलं होतं, त्यावरून कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर हे बारीक व्होल्टेज मोजायचं यंत्र केलं, आणि त्याच यंत्रावर १८८७ मध्ये लंडनला वॉलरने माणसाचा पहिला ईसीजी घेतला. (लिपमनला १९०८ चं नोबेल मिळालं ते रंगीत फोटोग्राफीसाठी, याच्यासाठी नाही.) पण द्रव थेट धातूवर असला की व्होल्ट-दीड व्होल्टच्या पुढे इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं आणि खेळ खलास. फ्रान्समध्ये ब्रुनो बर्ज यांनी १९९३ साली मध्ये इन्सुलेटरचा पातळ थर घातला, तेव्हा कुठे शेकडो व्होल्ट देता यायला लागले. त्यांनीच पुढे लिऑनला व्हॅरिऑप्टिक काढली, विजेने फोकस होणाऱ्या द्रवाच्या लेन्स बनवायला.

१९ जानेवारी

आज फक्त कागदावर हिशोब. सूत्र सोपं आहे: संपर्ककोनाचा (थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याचा, थेंब पसरला की तो कमी होतो) कोसाईन किती वाढणार ते व्होल्टेजच्या वर्गावर आणि इन्सुलेटरच्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर अवलंबून, आणि भागिले पृष्ठताण, भागिले जाडी (शिवाय भागिले दोन आणि एप्सिलॉन-शून्य हा ठरलेला स्थिरांक आहेच). हवेत पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तो तसाच धरायचा. म्हणजे हातात राहिलं व्होल्टेज आणि जाडी.

घरात कॅप्टॉन टेप (इलेक्ट्रॉनिक्समधला पिवळसर इन्सुलेटिंग टेप) पडलेला होता, इन्सुलेटर म्हणून पहिला तोच डोळ्यासमोर आला. फिल्म २५ मायक्रॉन पण त्याच्या पाठीचा गोंद ४० च्या आसपास, मिळून ६५. २५० व्होल्टला कोसाईन वाढतो ०.१८ ने, म्हणजे ११० अंशांचा कोन जेमतेम १०० वर येणार. हेच गणित स्वयंपाकघरातल्या क्लिंग रॅपचं केलं, जाडी १० मायक्रॉन, कॉन्स्टंट २.२ धरून, तर ०.८५ आलं! म्हणजे कोन थेट ६० पर्यंत. मोठ्या लॅब पॅरिलीन या प्लॅस्टिकचा एखाद-दोन मायक्रॉनचा थर चढवतात आणि वर पाणी न धरणाऱ्या टेफ्लॉन एएफचा थर देतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण टोरोंटो विद्यापीठातल्या व्हीलर यांच्या लॅबनेच २००८ मध्ये क्लिंग रॅप आणि गाडीच्या काचेला लावायचं वॉटर रिपेलंट वापरून हे स्वस्तात करून दाखवलंय, त्यामुळे आपण काही वेडेपणा करत नाही एवढी खात्री झाली.

२६ जानेवारी

सुट्टी, तापकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बंद असणार म्हणून कालच जाऊन सामान आणलं. पॉवर सप्लायला निक्सी ट्यूब (जुने चमकते आकडे) वाल्यांचं व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल घेतलं, १२ व्होल्ट आत, बाहेर साधारण २३० पर्यंत. आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यावर कायमचा १ मेगाओहमचा ब्लीडर (चार्ज उतरवणारा रोध) म्हणजे बंद केल्यावर दोन-तीन सेकंदांत चार्ज उतरतो, आणि पुढे सिरीजमध्ये १०० किलोओहम, म्हणजे शॉर्ट झालं तरी अडीच मिलिअँपच्या वर करंट जाणार नाही. करंट असा लागतच नाही इथे, कपॅसिटर चार्ज करायचा तेवढाच. तरी भाचीला सक्त ताकीद आहे, लाल दिवा लागलेला असताना बोर्डाला हात नाही आणि दुसरा हात खिशात.

२ फेब्रुवारी

पहिला थेंब पसरला!!

तांब्याच्या कोऱ्या बोर्डाचा तुकडा, त्यावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब चोळला, वर क्लिंग रॅप ताणून बसवला (तेल खाली हवंच, नाहीतर फिल्म आणि तांब्याच्या मध्ये हवेचे कप्पे राहतात आणि हवेचा कॉन्स्टंट १, अर्ध्याहून जास्त व्होल्टेज तिथेच खर्च होतं). वर चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याचा ५ मायक्रोलिटरचा थेंब, त्यात वरून बारीक तार. मोबाईल मॅक्रो लेन्स लावून अगदी बोर्डाच्या पातळीवर आडवा ठेवला, मागे पांढरा कागद आणि दिवा. नॉब फिरवत गेले. १०० पर्यंत काही नाही, थेंब आपला ढिम्म. १४० च्या पुढे कड थरथरल्यासारखी वाटली आणि मग एकदम सरकली, तारेभोवती थेंबाची उंची डोळ्यादेखत कमी झाली. फोटो इमेजजे या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून कोन मोजला: आधी ९७ च्या आसपास, नंतर ७० च्या आसपास.

पण व्होल्टेज काढलं तर थेंब परत येईना. ८५ वर अडकून बसला. भाची म्हणाली "मावशी, हा दमला". हा हिस्टेरिसिस, म्हणजे पुढे जाताना कड एका कोनाला हलते आणि मागे येताना वेगळ्या, आणि ती दोन कोनांमधली दरी जितकी मोठी तितका थेंब चिकट. सुरुवातीचा कोन किती मोठा याने मी उगाच हुरळून गेले असते, थेंब चालवायचा तर ही दरी लहान हवी, तो आकडा महत्त्वाचा.

८ फेब्रुवारी

फिल्मवर गाडीवालं रिपेलंट दोन हात लावून पुसलं. कोन १०५. दरी कमी झाली पण संपली नाही. मग त्याच्यावर सिलिकॉन तेल कापडाने अगदी पुसट फिरवलं आणि बोर्ड नुसता कलता केला तर थेंब घसरत खाली गेला, अक्षरशः अळवावरचं पाणी. आता कड घन पृष्ठभागावर न घासता तेलावरून सरकते.

तेल कुठलं यावर सगळं आहे. ट्रेडमिलच्या पट्ट्याला घालतात ते सिलिकॉन तेल सहज मिळालं पण ते दाट, थेंब चालेल पण रांगत. पातळ, ५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) वालं ऑनलाइन मागवलंय.

१६ फेब्रुवारी

दोन गोष्टी कळल्या, दोन्ही त्रासदायक.

एक, सूत्र म्हणतं व्होल्टेज वाढवत राहा, कोन कमी होत राहील, शून्यावर सुद्धा येईल. प्रत्यक्षात ६५-७० च्या खाली काही केल्या जात नाही. याला सॅच्युरेशन म्हणतात, सगळ्यांनाच हे दिसतं आणि असं का होतं यावर इतक्या वर्षांनी अजून एकमत नाही. चार्ज इन्सुलेटरमध्ये अडकतो म्हणून, कडेची हवा आयनाइज होते म्हणून, बारके उपथेंब उडतात म्हणून, असे बरेच पंथ आहेत. आपल्याला काय, २०० च्या वर जाण्यात राम नाही एवढं घेतलं.

दोन, डीसी. त्याच जागी चार-पाच मिनिटं डीसी ठेवलं की पुढच्या वेळी थेंब कमी पसरतो, आणि पोलॅरिटी उलटी केली की पुन्हा नीट पसरतो. फिल्ममध्ये चार्ज साठतोय हे उघड आहे. शिवाय क्लिंग रॅप हा भाजी झाकायला बनवलेला असतो, त्यात सूक्ष्म भोकं असली तरी कंपनीला काय फरक पडतो. एका ठिकाणी थेंबाखालून बुडबुड्यांची बारीक रेघ वर यायला लागली, वीज थेट तांब्यापर्यंत पोचली होती. फिल्म काढली तर खाली काळपट हिरवा ठिपका. म्हणजे एसी पाहिजे, साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट. थेंबाला तेवढ्यात ना धड पुढे ना मागे जाता येतं, त्याला सरासरीच जाणवते, कारण बळ व्होल्टेजच्या वर्गावर आहे, उणे असो की अधिक.

२३ फेब्रुवारी

पीसीबी डिझाईन संपवलं. इलेक्ट्रोड २.७५ मिमीचे चौकोन, ८ गुणिले ७ ची जाळी. निर्णय लिहून ठेवते नाहीतर विसरेन.

इलेक्ट्रोडच्या कडा सरळ न ठेवता दातेरी केल्या, एकाचे दात दुसऱ्यात घुसलेले. कारण थेंब शेजारच्या इलेक्ट्रोडला थोडा तरी शिवत असेल तरच ओढला जातो, सरळ कडा असतील आणि थेंब जरा लहान पडला तर समोर २०० व्होल्ट असूनही तो जागचा हलत नाही.

दोन इलेक्ट्रोडमधली फट ०.१५ मिमी. आपल्याकडचे पीसीबीवाले ६ मिलच्या (म्हणजे याच ०.१५ मिमीच्या) खाली जायला कुरकुरतात आणि पैसे दुप्पट सांगतात.

फिनिश सोन्याचं, ईएनआयजी. एचएएसएल, म्हणजे वितळलेल्या सोल्डरचा थर, स्वस्त पण त्यात सोल्डरच्या टेकड्या राहतात, सोल्डरिंगला चालतं, १० मायक्रॉनच्या फिल्मखाली नाही चालणार. तांब्याचीच उंची ३५ मायक्रॉन असते, म्हणजे प्रत्येक फट ही फिल्मच्या दृष्टीने तिच्या साडेतीनपट खोल दरी. तिथे तेल भरणार. व्हायाची, म्हणजे बोर्डाच्या खालच्या थराला जोडणारी, भोकं इलेक्ट्रोडच्या मध्यात न ठेवता कोपऱ्यात ढकलली आणि भरून मागितली.

९ मार्च

बोर्ड आले, चांगले आलेत. ड्रायव्हरला एचव्ही५०७ ही चिप, ६४ आउटपुट, ३०० व्होल्टपर्यंत, आत साधा शिफ्ट रजिस्टर, म्हणजे एकेक बिट आत ढकलायचा. स्विस गाउडीलॅब्सच्या ओपनड्रॉप या ओपन सोर्स बोर्डावर हीच आहे, तिथूनच कल्पना घेतली. ८० पायांची चिप, पाय ०.८ मिमीवर, फ्लक्स भरपूर टाकून ओढत सोल्डर केली, ब्रिज दोन आले ते वातीने काढले.

बोर्ड चालवणाऱ्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचे सिग्नल ३.३ व्होल्टचे आणि एचव्ही५०७ चं लॉजिक ५ चं. नशिबावर चाललंही असतं पण हाय व्होल्टेजच्या चिपशी नशीब कशाला आजमवा, मध्ये ७४एचसीटी२४५ ही ३.३ चे ५ करणारी चिप टाकली.

१६ मार्च

चालला! वरची काच नाही, नुसता उघडा बोर्ड, ९ मायक्रोलिटरचा थेंब. एका ओळीत पुढे-मागे, पुढे-मागे. भाचीने व्हिडिओ काढून आख्ख्या खानदानाला पाठवला, आजी विचारतेय हे झुरळ आहे का.

पण चालतो कसा, तर अडखळत, आणि २०० व्होल्टच्या खाली हलतच नाही. बसून विचार केला तेव्हा उलगडलं. तार आता नाहीये, थेंब विजेच्या दृष्टीने तरंगता आहे, कशालाच थेट जोडलेला नाही. तो अर्धा ऑन इलेक्ट्रोडवर आणि अर्धा ग्राउंडवरच्या शेजारणीवर. म्हणजे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. २०० दिले तर प्रत्येक बाजूच्या फिल्मवर १०० च्या आसपास, आणि बळ वर्गाचं, म्हणजे थेट पाव! वरून काच लावून तिथून ग्राउंड दिलं की हे सगळं परत मिळेल.

शिवाय पुण्यात मार्च लागलाय. उघडा थेंब बघता बघता आटतो, आटला की शेजारणीपर्यंत पोचत नाही आणि अडकतो. वरच्या काचेला ते दुसरं कारण.

२३ मार्च

आयटीओ काच बसवली. दिसायला साधी काच, एका बाजूला पारदर्शक वाहक थर, कुठली बाजू ते मल्टिमीटरने बघायचं. त्या बाजूला रिपेलंट लावलं, काचेवर ते फिल्मपेक्षा फार छान बसतं, बनवलंयच त्यासाठी. मध्ये अंतर ठेवायला मायक्रोस्कोपच्या कव्हरस्लिप एकावर एक दोन, म्हणजे ०.३ मिमी. आता थेंब म्हणजे चपटी चकती, २.७५ गुणिले २.७५ गुणिले ०.३, सव्वादोन मायक्रोलिटर. पहिल्यांदाच आकडा ठरवलेल्या जागी आला.

एसीसाठी मी वेगळा हाफ ब्रिज (व्होल्टेज वरखाली करणारं सर्किट) करणार होते. मग डेटाशीटमध्ये पोलॅरिटी पिन दिसली: ती हलवली की सगळेच्या सगळे आउटपुट एकदम उलटे होतात. जाळीला ५६ आउटपुट लागतात, उरलेल्या ८ मधला एक काचेला जोडला. काचेचा बिट शून्य, बंद इलेक्ट्रोडचे बिट शून्य, चालू असेल त्याचा एक. आता पोलॅरिटी पिनवर १ किलोहर्ट्झ दिला की काच आणि बंद इलेक्ट्रोड एकत्र वरखाली होतात, त्यांच्यात फरक कायम शून्य, आणि चालू इलेक्ट्रोड बरोबर उलटा, म्हणजे अधिक-उणे २०० ची लाट फुकटात. एका इलेक्ट्रोडची कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या आसपास, चिपला काहीच जड नाही. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, बाकी कोणाला त्याचं कौतुक नाही.

थेंब आता १४० व्होल्टला चालतो, मध्ये पातळ तेल भरलं तर त्याहून कमीवर. तेलात पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ४० च्या आसपास येतो आणि आटायचाही प्रश्न मिटतो.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड हाणून झाल्यावर रंगांचा प्रयोग. गच्चीवरच्या गोकर्णाची फुलं कोमट पाण्यात चुरून गाळली, गर्द निळं पाणी. दुसरा थेंब लिंबूसत्वाच्या पाण्याचा. लिंबू पिळलं नाही कारण त्यातला गर ०.३ मिमीत अडकणार.

दोन्ही थेंब समोरासमोरून आणले. मध्ये एक इलेक्ट्रोड रिकामा, तो ऑन केला आणि दोघं एकदम एकमेकांत शिरले, एका फ्रेममध्ये दोन, पुढच्या फ्रेममध्ये एक. पण रंग मिसळला नाही! एका बाजूला निळं, दुसऱ्या बाजूला पाण्यासारखं, आणि सीमेवर गुलाबी रेघ, ती रेघ सावकाश रुंद होत होती. या आकारात पाणी खळखळत नाही, ढवळलं जात नाही, रेणू आपले आपण पसरतील तेवढंच. मग थेंबाला चार इलेक्ट्रोडच्या चौकोनात गोल फिरवला. प्रत्येक वळणाला गुलाबी पट्टी वाकत, दुमडत, बारीक होत गेली आणि काही फेऱ्यांत पूर्ण थेंब गुलाबी-जांभळा. नुसतं ठेवलं असतं तर मिनिटं लागली असती.

६ एप्रिल

एकाचे दोन. तीन इलेक्ट्रोडची ओळ, थेंब तिघांवर पसरवायचा, मग मधला बंद करायचा आणि दोन्ही टोकं चालू ठेवायची. टोकं ओढतात, मध्ये कंबर तयार होते, कंबर बारीक होत तुटते. ०.३ मिमीला कंबर बारीक व्हायची आणि तिथेच थांबायची, व्होल्टेज काढलं की परत जाड. काच आणि बोर्डातलं अंतर इलेक्ट्रोडच्या मानाने जितकं कमी तितकं तुटणं सोपं, म्हणून एक कव्हरस्लिप काढली. ०.१५ वर तुटला. उघड्या बोर्डावर हे का कधीच होत नाही तेही कळलं, तिथे थेंब फुगीर, कंबर पडायला जागाच नाही.

दोन तुकडे सारखे मात्र नाहीत. भाचीला हे चालणार नाही, अर्धा म्हणजे अर्धाच पाहिजे तिला, आणि तिचं बरोबर आहे.

१३ एप्रिल

भाचीचा दिवस. अंड्यातला पांढरा भाग पाण्यात पातळ करून थेंब सोडला. पहिल्या दोन-तीन उड्या ठीक, मग मागे पुसट डाग सोडायला लागला आणि मग बसलाच. प्रथिनं फिल्मला चिकटतात, चिकटली की ती जागा पाण्याला धरून ठेवते, तिथून पुढे साधं पाणीही नेता येत नाही. व्हीलर यांच्या लॅबने द्रवात प्लुरॉनिक हे साबणासारखं रसायन अगदी थोडं घालून हे बऱ्यापैकी सोडवलंय, तिने तिच्या मॅडमकडे विचारलंय. तोवर उपाय म्हणजे फिल्म फेकायची आणि नवी ताणायची, बोर्ड तोच राहतो. क्लिंग रॅपचं हे मात्र चांगलं, पॅरिलीन असतं तर रडू आलं असतं.

ती विचारत होती याचा खरा उपयोग कोणी करतं का. करतात की. ड्यूक युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलेल्या वामसी पामुला यांच्या बेबीज कंपनीचं सीकर यंत्र नवजात बाळाच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून चार दुर्मिळ आजार तपासतं, अमेरिकेत एफडीएने त्याला २०१७ मध्ये परवानगी दिली. आणि टोरोंटोवाल्यांनी २०१६ मध्ये केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत असाच बोर्ड नेऊन गोवर-रुबेलाच्या अँटिबॉडी तपासल्या. तिथे सर्किट काय आपल्यापेक्षा फार वेगळं असणार, फरक पडतो तो वरच्या काही मायक्रॉनमध्ये. माझे जानेवारीपासूनचे रविवार बघितले तर फर्मवेअर दोन संध्याकाळी संपलं, बाकी सगळे फिल्म, तेल आणि रिपेलंटमध्ये गेलेत.

पुढचं काम: प्रत्येक इलेक्ट्रोडची कपॅसिटन्स मोजायची, म्हणजे थेंब खरंच पोचला का आणि किती पोचला ते बोर्डालाच कळेल, आणि तुकडे करताना ज्या बाजूला जास्त जातंय तिकडचं व्होल्टेज मध्येच कापता येईल. त्यासाठी काचेच्या वायरमध्ये १० किलोओहमचा रोध आणि एक ऑपअँप, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारी चिप. नवा बोर्ड २ मिमी इलेक्ट्रोडचा, रूटिंग सुरू केलंय. भाची प्लुरॉनिक मिळालं की येते म्हणालीय, जेवणाचं अजून काही बोललेली नाही.